पर्यावरण डेकखाली राहायला जातो

शेवटी पर्यावरण डेकखाली राहायला गेला. उशी आणि पाण्याची बाटली आईने पुरवली. वर स्वतःचं घर, घरात स्वतःची खोली, खोलीत स्वतःची गादी असताना फळ्यांखाली मुक्काम ठोकणारा त्या गल्लीतला तो पहिलाच माणूस. पण घरात कोणालाही विचारा, असं काही झालंच नाही, असं सगळे एका सुरात सांगतील. एका सुरात सांगण्यात त्या घराचा हात धरणारं कोणी नाही. तेव्हा आपणही असं काही झालं नाही असंच धरून चालू.

पर्यावरण हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. खरं नाव होतं, पण ते आता फक्त बँकेत चालायचं. कॉलेजात असताना त्याने आईला दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळत घालायला लावली. दोरीवर चिमट्याला लटकलेली ती पिशवी बघून दादाने विचारलं, "हे पर्यावरण कोणाचं?" तेव्हापासून ते त्याचंच झालं. "पर्यावरण जेवलं का?" "पर्यावरण अजून अंघोळ करतंय, पाणी वाया चाललंय." लग्नानंतर बायकोने सुरुवातीला खऱ्या नावाने हाक मारून पाहिली. तो ओ देईना, तेव्हा तिनेही नाद सोडला.

पर्यावरण पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात कामाला होता. तयार झालेलं खोकं ठरावीक उंचीवरून खाली टाकायचं आणि फुटलं की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. मग ते कोपऱ्यावर टाकायचं. मग कडेवर. "दिवसभर खोकी आपटतोस आणि घरी येऊन आम्हाला झाडं शिकवतोस," दादा म्हणायचा. दादाचं चष्म्याचं दुकान होतं आणि लग्न अजून चर्चेच्या पातळीवर होतं. बायको नाटक कंपनीत रंगभूषा करायची. तिचा हात म्हातारपणात बसलेला होता, म्हणजे पंचविशीतल्या नटाला तासाभरात सत्तरीचा करून द्यायची. एकदा एका नटाची आई आतल्या खोलीत त्याला भेटायला आली आणि त्याला नवऱ्याच्या नावाने हाक मारून मोकळी झाली, असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची. हे सगळं पर्यावरणाने कितीतरी वेळा ऐकलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

बाबा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. ऑफिसने त्यांना निरोप दिला होता, पण त्यांनी ऑफिसला दिला नव्हता. घरातला कुठलाही निर्णय जेवणाच्या टेबलावर सभा भरवून, विषय मांडून, हात वर करून व्हायचा. सोफ्याचा रंग हात वर करून ठरला होता. मांजर पाळायचं नाही हेही हात वर करूनच ठरलं होतं, आणि मांजर ते मान्य न करता रोज येत होतं. मतदानाच्या वेळी आईचा हात बहुधा आधीच वर असायचा, कारण ती वरच्या फळीवरून काहीतरी काढत असायची. बाबा तो मोजून घ्यायचे.

तर अशा या घरात बाबांच्या गुडघ्याने राजीनामा दिला. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून अंगणात उतरायला जेमतेम चार पायऱ्या, पण वॉकरला पायऱ्या चालत नाहीत. बाबांनी लावलेलं लिंबाचं झाड खाली, बाबा वर. ते दारात खुर्ची टाकून झाडाला लांबूनच सूचना देऊ लागले.

"डेक करू," दादा सभेत म्हणाला. "दाराच्या पातळीला लाकडी फळ्या टाकायच्या, थेट लिंबापर्यंत. बाबा वॉकर घेऊन सरळ बाहेर."

"म्हणजे लाकडी ओटा," आई म्हणाली.

"डेक."

"ओटाच तो. नाव काहीही दे, झाडायचा मलाच आहे."

तेव्हा पर्यावरण उभा राहिला. तो उभा राहिला की दादा घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा. आजही ठेवलं. पर्यावरण म्हणाला, डेकला माझी हरकत नाही, पण कशाचा करणार हा प्रश्न आहे. वखारीत नवीन लाकूड मिळतं, पण ते कुठल्या रानातून आलं हे वखारवाल्याला विचारलं तर तो आभाळाकडे बोट दाखवतो. भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेल्या फळ्या मिळतात, त्या सडत नाहीत हे खरं, पण सडत नाहीत म्हणजे आपण मेल्यावरही त्या इथेच. जपून वाढवलेल्या रानातलं, शिक्का मारलेलं लाकूड मिळतं, पण ते बोटीने येतं, आणि बोट काय वल्ह्याने चालत नाही. बांबूच्या फळ्यांत बांबू कमी आणि डिंक जास्त. राहता राहिलं पाडलेल्या इमारतींचं जुनं लाकूड. ते झाड आपल्या आधीच कोणीतरी तोडलेलं आहे. नव्याने एकही झाड पडणार नाही.

इथपर्यंत बोलून तो थांबला. पुढच्या भांडणाची त्याने पूर्ण तयारी केली होती. दादा जुन्या लाकडाला वाळवी म्हणेल, त्यावर उत्तर तयार होतं. आई खिळे म्हणेल, त्यावरही होतं. बाबा "नियमात बसतं का" विचारतील, त्यासाठी तर त्याने नियमच शोधून ठेवला होता.

दादाने टेबलावरचं घड्याळ उचलून परत हातात घातलं.

"तुझंच बरोबर आहे," आई म्हणाली.

आणि हात वर गेले. आईचा गेला, या वेळी रिकामा. बाबांचा गेला. बायकोचा गेला. सगळ्यांत शेवटी दादाचा गेला, पण गेला, कोपर टेबलावर न टेकता. पर्यावरण उभाच राहिला. त्या घरात त्याचं आजवर ऐकून घेतलं गेलं होतं, चिडवून झालं होतं, "बरं बाबा" म्हणून झालं होतं. मानलं कधी गेलं नव्हतं. रात्री दिवा मालवल्यावर तो बायकोला म्हणाला, "दादानेसुद्धा हात वर केला, पाहिलंस?" ती "हं" म्हणाली. त्याने ते "हं" उशाशी घेऊन झोप काढली.

डेकचा सांगाडा पटकन झाला. भंगारातले लोखंडी पाइप मिळाले, सुताराने ते वेल्डरकडून जोडून घेतले, आणि दारापासून लिंबापर्यंत एक रिकामी चौकट उभी राहिली. सुतार बोलका माणूस होता. स्वतःच्या कामाबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं आणि ते तो विचारायच्या आधी सांगायचा. "फळ्या आणा, दोन दिवसांत तुमचे वडील झाडाला मिठी मारतील," तो म्हणाला.

फळ्या काही येईनात. पर्यावरण दर सुट्टीला पाडकामाच्या मालाच्या बाजारात जायचा. तिथे दारं होती, खिडक्या होत्या, एका जिन्याचा फक्त कठडा होता. पण सरळ, लांब, कीड न लागलेल्या फळ्या म्हटलं की व्यापारी त्याच्याकडे दयेने बघायचा. एकदा त्याने कौतुकाने एक तुळई घरी आणली. ती अंगणात ठेवल्यावर तिच्यातून पिठासारखी भुकटी गळायला लागली.

"आत जीव आहेत," आई कान लावून म्हणाली.

"कीड आहे. परत देतो."

"का? तेही पर्यावरणच ना."

मग एक लॉट आला, त्याला जुना, विषारी शिशाचा रंग निघाला, तो त्याने नाकारला. एक आला तो ओला. एक चांगला होता, पण व्यापाऱ्याने बोलता बोलता "आताच कापून आणला" असं म्हणून घोळ केला. ऋतू बदलला. बाबा दारातल्या खुर्चीवर बसून त्या रिकाम्या चौकटीकडे बघत पेपर वाचू लागले. लिंबं पिकून खाली पडायची आणि बाबा ती दारातून मोजायचे.

एका संध्याकाळी बायकोने विचारलं, "थोडं जुनं, थोडं नवं, असं चालेल का? दारापुरतं तरी?"

"थोडं खोटं चालतं का?" पर्यावरण म्हणाला.

तिने पुन्हा विचारलं नाही. हे त्याला तिचं पटलेपण वाटलं.

पुढे कारखान्याने त्याला आठवड्याभराच्या प्रशिक्षणाला पाठवलं. खोकी अधिक चांगल्या रीतीने कशी आपटावीत, असा विषय होता. तो परत आला, बॅग दारात ठेवली, आणि सरळ चालत लिंबाच्या झाडापाशी जाऊन पोहोचला. मग त्याच्या लक्षात आलं की तो पायऱ्या उतरलेला नाही.

डेक झाला होता. राखाडी, काळवंडलेल्या, ठिकठिकाणी चेचलेल्या, खिळ्यांची भोकं पडलेल्या फळ्या. बाबा झाडाखाली वॉकर धरून उभे होते आणि एका फांदीला समजावून सांगत होते.

"मिळालं?" पर्यावरण म्हणाला. आवाज जरा चिरकला.

"मिळालं," दादा म्हणाला. "एक जुनी शाळा पाडली."

"गोदाम," आई त्याच क्षणी म्हणाली.

दादाने आईकडे पाहिलं, आईने दादाकडे.

"शाळेचं गोदाम," बायको म्हणाली. "बाकं ठेवायचे तिथे."

शेजारी उभा असलेला सुतार जोरजोरात मान हलवत होता. "असलं लाकूड मी आयुष्यात हाताळलं नाही," तो म्हणाला. हे वाक्य शब्दशः खरं होतं.

पर्यावरण खाली बसला. त्याने फळीवरून तळहात फिरवला. खिळ्यांच्या भोकांची एक ओळ त्याला सापडली आणि त्याने ती बोटाने मोजत नेली. "इथे बाकं ठोकलेली असणार," तो म्हणाला. पुढे एक गोल डाग होता, पेल्याच्या बुडाएवढा. "हा शाईच्या दौतीचा." आणखी एक गोल. "ही दुसरी दौत." दादाला अचानक खोकला आला आणि तो आत गेला. पर्यावरणाचे डोळे भरून आले होते, म्हणून त्याने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसले असते.

त्यानंतर तो त्या डेकचा मालक कमी आणि वाटाड्या जास्त झाला. गल्लीतले लोक यायचे. कारखान्यातले दोघे सहकारी आले. तो त्यांना चपला काढायला लावायचा आणि फळीफळीचा इतिहास सांगायचा. ही खडूची फळी, इथे मास्तरांचं कपाट असावं. ही कोपऱ्यातली, इथे शिक्षा झालेली मुलं उभी राहत असणार, बघा कशी झिजलीय. "आणि हे सगळं," तो शेवटी म्हणायचा, "घरच्यांनी शोधलं. मी नसताना. माझं म्हणणं होतं म्हणून." हे सांगताना तो बायकोकडे बघायचा. ती नुसती हसायची.

मग एक दिवस दुपारी बाबा डेकवर खुर्चीत डुलकी घेत असताना पर्यावरणाने त्यांचा वॉकर सरकवला, आणि त्याच्या पायाचं रबर निघून घरंगळत कडेवरून डेकखाली गेलं. डेकच्या बाजूला माणूस सरपटत जाईल एवढी जागा सुताराने ठेवली होती. पर्यावरण गुडघ्यांवर आला आणि आत शिरला.

आत गार होतं. रबर मधोमध पडलं होतं. तो पाठीवर उलटला आणि रबराकडे हात पसरताना त्याने वर पाहिलं.

वरच्या फळ्या खालून पिवळ्याधमक होत्या. ताज्या, नुकत्या अंघोळ केल्यासारख्या. करवतीचे दात अजून त्यांच्यावर उमटलेले होते, आणि एका गाठीतून डिंकाचा थेंब लोंबत होता. त्याने नख लावलं. ओलं. फळ्यांच्या कडेने तपकिरी ओघळ खाली आले होते आणि मध्येच सुकले होते. ते शाईचे नव्हते. त्याने नाक जवळ नेलं. चहा.

जुन्या शाळेच्या खिळ्यांची भोकं वरून दिसायची. खालून एकही नव्हतं. खिळे अर्धेच आले होते.

त्याला हे समजायला वेळ लागला. समजू नये असाच त्याचा प्रयत्न होता. तेवढ्यात वर पावलं वाजली. फळ्यांच्या फटींतून आईच्या चपला दिसल्या, मग दादाच्या, मग बायकोचे अनवाणी पाय. कपबश्या खणखणल्या. बाबा आधीच खुर्चीवर होते, त्या आवाजाने ते जागे झाले.

"हा चहा प्यायचा आहे ना?" दादा म्हणाला. "नाहीतर सवयीने फळीवर ओतेन."

"गप रे," आई म्हणाली. "दोन डबे पावडर गेली. वाण्याने विचारलं, घरात काही कार्य आहे का."

"आई, तुम्ही दाराजवळ पाणी ओतू नका हो," बायको म्हणाली. "तिथली फळी तरुण व्हायला लागलीय. मला परत एक हात द्यावा लागणार. लाकूड काळं करायचं, तारेची घासणी विरघळवलेलं व्हिनेगर संपलंय."

"तू साखळीने मारलंस तेव्हा मलाच वाईट वाटलं," बाबा म्हणाले. "चांगलं लाकूड होतं."

"सुतार तर रडायच्या बेतात होता," दादा म्हणाला. "म्हणे, माझ्या वडिलांनी कधी फळीवर हात उगारला नाही. मग त्याला हातोडी दिली, तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त त्यानेच ठोकलं. पण खरी कमाल हिची. ती कपाचे गोल. मी म्हटलं, हे पुसू या. ही म्हणाली, राहू दे, त्याला काहीतरी दिसेल."

"आणि दिसलं," आई म्हणाली.

"दौत," दादा म्हणाला, आणि हसू लागला. हसता हसता त्याच्या चपलेतून धूळ गळून खाली पर्यावरणाच्या तोंडावर पडली.

"हसू नका," बायको म्हणाली. "किती खूश आहे तो. इतकं खूश मी त्याला लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते किती हळू असतं, हे पर्यावरणाला आता कळलं. दादा हसला त्याचं काही नव्हतं. दादा त्याच्यावर पाळण्यापासून हसत आला होता. पण ती हसत नव्हती. ती त्याची काळजी घेत होती. एखाद्या नटाला सत्तरीचा करताना ती त्याच्या कपाळावर जशी फुंकर घालते, तशी.

"त्याला सांगायला हवं," बाबा म्हणाले.

"कशाला?" आई म्हणाली. "त्याला हवं होतं ते मिळालं, तुम्हाला हवं होतं ते मिळालं. त्याचंच बरोबर आहे म्हणायचं आणि पुढे चालायचं. एवढी वर्षं काय करत आलो?"

खाली पर्यावरण रबर मुठीत धरून पडला होता. बाहेर येणारा हुंदका त्याने गिळला, आणि तो नेमका आवाज करून गेला.

वरचे पाय थांबले.

"मांजर असेल," आई म्हणाली.

"रबर सापडलं," पर्यावरण खालून म्हणाला.

वर कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. कोणाचा ते कळलं नाही. सगळ्यांनी एकदमच ठेवले असावेत.

"तू खाली आहेस?" दादाने विचारलं.

"नाही, शाळेच्या गोदामात आहे."

"वर ये. बोलू."

"कशावर येऊ? त्या फळ्या कुठल्या झाडाच्या आहेत मला माहीत नाही. मी त्याच्यावर पाय देणार नाही."

"अरे, पाय देऊ नकोस, बाजूने ये," आई म्हणाली. "चहा गार होतोय."

"फळ्यांना पाजा. त्यांना सवय झालीय."

दादा काहीतरी पुटपुटला आणि बाबांनी त्याला "थांब" म्हटलं. मग फळ्या करकरल्या, आणि बायको पोटावर आडवी झाली. एका फटीतून तिचा एक डोळा दिसला, आणि पुढच्या फटीतून ओठ. फट छोटी होती, पूर्ण माणूस मावत नव्हता.

"ऐक," ओठ म्हणाले. "बाबा कित्येक महिने दारात बसले होते. तू रोज कामावर जायचास. मी बघत होते. ते खाली पडलेली लिंबं मोजायचे."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं होतं. दारापुरतं तरी नवं घेऊ म्हटलं. तू काय म्हणालास?"

आपण काय म्हणालो ते त्याला आठवत होतं, आणि तेव्हा ते वाक्य स्वतःलाच किती आवडलं होतं, तेही.

"मग भांडायचं होतंस," तो शेवटी म्हणाला. "पंख्याच्या वेगावरून तू माझ्याशी भांडतेस. टूथपेस्ट मधून दाबतो म्हणून भांडतेस. चादरीवरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो. एवढ्या मोठ्या गोष्टीवर का नाही भांडलीस?"

डोळा मिटला आणि उघडला.

"त्या दिवशी टेबलावर तू इतका तयारीने उभा होतास," ती म्हणाली. "आम्ही हात वर केले तर तुझा चेहरा असा झाला, की परत खाली घ्यायची कोणाची हिंमत झाली नाही. मला वाटलं, पुढे बघू. मग पुढे हेच दिसलं."

"म्हणजे तेव्हासुद्धा पटलं नव्हतं?"

"मला अर्धं पटलं होतं."

"अर्धा हात वर करायचा."

"मला थोडं पटलं होतं," बाबा म्हणाले. "पण गुडघा दुखत होता."

"मला काहीच पटलं नव्हतं," दादा म्हणाला. "मी आपला सगळ्यांनी केला म्हणून केला."

"मी तर डबा काढत होते," आई म्हणाली. हे खरं नव्हतं. त्या दिवशी तिचा हात रिकामा होता, आणि ते पर्यावरणाने पाहिलं होतं. पण आता तिच्याकडे तेवढाच आडोसा होता, म्हणून कोणी तो काढून घेतला नाही.

पर्यावरणाला वाटलं आता ओरडावं. मग वाटलं, ओरडलो तर हे सगळे एकमेकांकडे बघतील, आई म्हणेल त्याचंच बरोबर आहे, आणि झालं, मिटलं. इतके दिवस तो लोकांना चपला काढायला लावून जी गोष्ट सांगत होता, ती शाळेची नव्हतीच. आपल्या घरात आपल्याला कोणीतरी मोजतं, ही गोष्ट तो सांगत होता. ती वरून जुनी दिसत होती आणि खालून कोरी होती.

"बाबा," तो म्हणाला, "माझी तक्रार आहे."

"तोंडी चालत नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा सैल झाला, कारण अखेर कोणीतरी त्यांच्या ओळखीच्या रस्त्यावर आलं होतं. "अर्ज दे."

आईने बाजूने उशी सरकवली. मागोमाग पाण्याची बाटली आली. मग एक पेन आलं, आणि कारखान्यातून आणलेल्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा आला, कारण कागद वाया घालवलेला त्याला चालत नाही हे तिला ठाऊक होतं. पर्यावरणाने उशी डोक्याखाली घेतली आणि पुठ्ठा पोटावर धरून लिहायला सुरुवात केली. वर कोणी जागचं हललं नाही. दादाने एकदा विचारलं, "जेवायला तरी येणार आहेस का?" खालून पेन पुठ्ठ्यावर घासल्याचा आवाज आला. बायको तशीच पालथी पडून होती. तिच्या केसांची एक बट फटीतून खाली लोंबत होती आणि पर्यावरण लिहिता लिहिता ती नाकावरून बाजूला करत होता.

लिहून झाल्यावर त्याने पुठ्ठा फटीतून वर सरकवला. तो अर्ध्यात अडकला. दादाने खिशातला कंगवा काढून तो उचकटून घेतला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावला, घसा साफ केला, आणि सभा भरली आहे असं जाहीर न करताच वाचू लागले.

"प्रति, माननीय अध्यक्ष, घर. विषय: डेकच्या लाकडाबाबत. महोदय, खाली सही करणारा या घराचा धाकटा मुलगा असून सध्या विषयात नमूद डेकच्या खाली आहे. अर्जदाराच्या गैरहजेरीत नव्या लाकडास साखळी, हातोडी व चहा यांच्या साहाय्याने वृद्ध करण्यात आले, व त्या कामी घरातील सर्वांनी एकदिलाने भाग घेतला. इतका एकदिल अर्जदाराने या घरात यापूर्वी पाहिलेला नाही, याची नोंद घ्यावी. वडिलांच्या गुडघ्याबद्दल अर्जदाराची काहीही हरकत नाही व कधीही नव्हती. त्यांनी डेकवरून झाडापाशी जात राहावे. तरी विनंती करण्यात येते की, सदर लाकूड ज्या झाडाचे आहे ते झाड कोणत्या रानात होते याचा तपास करून, त्याच्या बुंध्याजवळ उभे राहून त्यास सर्व हकिकत खरी खरी सांगण्यात यावी, आणि त्याची हरकत असल्यास ती मागवून घ्यावी. हे काम अर्जदाराच्या पत्नीकडे सोपवावे, कारण तिला समजावून सांगणे चांगले जमते. झाडाकडून उत्तर येईपर्यंत घरातील कोणीही, कोणत्याही कारणास्तव, अर्जदारास 'तुझंच बरोबर आहे' असे म्हणू नये. तसेच या अर्जावर हात वर करून मतदान घेऊ नये. प्रत्येकाने स्वतंत्रपणे डेकखाली येऊन, अर्जदाराच्या तोंडावर, कारणांसह, त्याच्याशी कडाडून भांडावे, ही नम्र विनंती."